टर्की होत नाही, मग व्यसन कसलं? एमडी घेणाऱ्या भावाबद्दलच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न नीट वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुमचा धाकटा भाऊ 24 वर्षांचा, पुण्यात नोकरीला, मित्रांसोबत फ्लॅटवर राहतो. तो वर्षभरापासून एमडी (मेफेड्रोन नावाची नशेची पावडर) घेतोय हे तुम्हाला त्याच्या मोबाइलवरच्या मेसेजमुळे कळलं. विचारल्यावर त्याने लपवलं नाही. म्हणाला, "फक्त शनिवारी घेतो, सोमवारी वेळेवर कामावर असतो. गर्दुल्ल्यांसारखी मला टर्की होत नाही, मग व्यसन कसलं?" (टर्की म्हणजे नशा तुटल्यावर शरीराला होणारा त्रास.) तुम्ही मेडिकलमधून लघवी तपासायची पट्टी आणून पाहिली, ती निगेटिव्ह आली. आईवडील नाशिकला, त्यांना यातलं काही माहीत नाही. आणि एका मैत्रिणीने सुचवलं आहे की अमुक व्यसनमुक्ती केंद्राची गाडी येते, रात्रीतून मुलाला उचलून नेते आणि सहा महिन्यांत सरळ करून पाठवते. त्याचं म्हणणं खरं मानायचं का, आणि आता करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. सरकारी रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती ओपीडीत बरीच वर्षं काम करते आहे, आणि अलीकडे विशीतली जी मुलं समोर येऊन बसतात त्यांत एमडीवाले खूप असतात. पण तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही. तो एका बैठकीत किती घेतो, नाकाने की तोंडाने, सोबत दारू किती, घराण्यात कुणाला मनोविकार किंवा कमी वयात हृदयविकार झालाय का, त्याला स्वतःला आधी कधी नैराश्य आलं होतं का, यावर बरंच काही अवलंबून आहे. त्यामुळे पुढचं सगळं निदान म्हणून वाचू नका. मी अशा मुलाशी आणि त्याच्या घरच्यांशी ओपीडीत जे बोलते तेच इथे लिहिते आहे.

तुमच्या भावाचा युक्तिवाद मला जवळजवळ प्रत्येक नवा पेशंट ऐकवतो, आणि बहुतेकदा तो खोटं बोलत नसतो. त्याला मनापासून तसंच वाटत असतं. आपल्याकडे व्यसनाचं जे चित्र घराघरांत बसलं आहे ते दारू आणि गर्द (ब्राउन शुगर) या दोन गोष्टींवरून. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरली, चांगल्या घरची कोवळी मुलं तिच्यात अडकली. त्याच काळात, 1986 साली, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. गर्द थांबवलं की काही तासांत नाक-डोळे गळायला लागतात, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा, जुलाब, हाडं फुटल्यासारखी दुखतात. हीच टर्की. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते, भास होतात. हे सगळं डोळ्यांना दिसतं. त्यातूनच लोकांनी हिशेब बांधला की शरीर मागत असेल तर व्यसन, नाही तर नुसती मौज.

एमडीला हा हिशेब लागू पडत नाही. ते थांबवल्यावर अंग मोडून येत नाही, फिट येत नाही, जुलाब होत नाहीत. ते वेगळ्या जागी पकडतं, आणि ती जागा समजून घेतल्याशिवाय तुम्हाला भावाशी बोलता येणार नाही.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. पार्टीतल्या एमडीएमएच्या गोळ्यांशी त्याची गल्लत होते, पण तो पदार्थ वेगळा. पूर्व आफ्रिकेत आणि येमेनमध्ये खात नावाच्या झुडपाची पानं चघळतात, त्यांतल्या कॅथिनोन या द्रव्याचा हा कारखान्यात तयार झालेला भाऊबंद. रसायनशाळेत ते 1929 सालीच बनवलं गेलं होतं, पण नशेसाठी त्याचा बाजार उभा राहिला तो 2000 नंतर, इंटरनेटवरून. ब्रिटनने एप्रिल 2010 मध्ये त्याच्यावर बंदी घातली. आपल्याकडे ते फेब्रुवारी 2015 मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. त्याआधी मुंबईत ते म्याऊ म्याऊ नावाने चांगलंच पसरलं होतं आणि पोलिसांना धड गुन्हाही लावता येत नव्हता.

मेंदूत ते काय करतं? डोपामाइन आणि सेरोटोनिन ही दोन रसायनं पेशींतून एकदम बाहेर ढकलतं. डोपामाइन म्हणजे "हे पुन्हा कर" असं मेंदूला शिकवणारं रसायन. उंदरांच्या मेंदूत थेट मोजमाप केलं गेलं तेव्हा असं दिसलं की मेफेड्रोन डोपामाइन अ‍ॅम्फेटामाइनसारखं वाढवतं आणि सेरोटोनिन एमडीएमएसारखं. म्हणजे सुटता न येणारी ओढही आहे आणि सगळ्यांबद्दल वाटणारा उमाळाही. पण खरी गोम वेळेत आहे. नाकाने घेतलं की काही मिनिटांत चढतं, अर्ध्या तासाच्या आसपास शिखर गाठतं आणि लगेच उतरायला लागतं. रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, पण मजा त्याच्याही कितीतरी आधी ओसरते. उतरताना उदास, चिडकं, रिकामं वाटतं. समोर टेबलावर पुडी उघडीच असते. मग पुन्हा एक लाइन, म्हणजे नाकाने ओढायची पावडरची रेघ. मग पुन्हा. एका रात्रीत हे चक्र आठ-दहा वेळा फिरतं.

शिकण्याच्या दृष्टीने पाहा. दारू पिणारा संध्याकाळी एकदा बसतो. एमडी घेणारा एका रात्रीत दहा वेळा "वाईट वाटलं, घेतलं, बरं वाटलं" हा धडा गिरवतो. म्हणून "आठवड्यातून एकदाच" या वाक्याने मला धीर येत नाही.

त्यामुळे किती दिवसांनी घेतोस हे मी पहिल्यांदा विचारतच नाही. मी विचारते, "पुडीत माल शिल्लक असताना तू कधी स्वतःहून थांबलायस का? उरलेली बाजूला ठेवून झोपायला गेलायस का?" या प्रश्नावर बहुतेक मुलं गप्प होतात. आधी हसतात, मग आठवायला लागतात, मग म्हणतात, "तसं कधी झालं नाही." दारू पिणाऱ्याच्या घरात अर्धी बाटली सापडते. एमडी घेणाऱ्याकडे अर्धी पुडी उरलेली मी फार क्वचित ऐकली आहे. पहाटे चारला संपली की पेडलरला, म्हणजे माल विकणाऱ्याला फोन, तो उचलत नाही म्हणून दुसऱ्याला फोन, गाडी काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणं, रिकाम्या पुडीचं प्लास्टिक फाडून चाटणं. शनिवारी घेणारी, नोकरी टिकवून असलेली मुलंच हे सांगतात. नियंत्रण गेलं आहे का ते इथे कळतं. पुढचे पाच दिवस तो कोरडा असतो हे खरं असलं, तरी एकदा सुरू झाल्यावर त्याच्या हातात काही उरत नाही.

दुसरा प्रश्न मंगळवार-बुधवारचा. रविवारी दिवसभर झोप, सोमवारी ओढूनताणून काम, आणि मंगळवार-बुधवारी कारण नसताना रडू येणं, चिडचिड, कशातच रस नसणं, "आपण कुणाच्या कामाचे नाही" असे विचार. रिकामं झालेलं सेरोटोनिन भरून यायला वेळ लागतो, त्याचे हे दिवस. मुलगा त्याचा संबंध शनिवारशी लावत नाही. त्याला वाटतं बॉस वाईट, गर्लफ्रेंड वाईट, आयुष्य वाईट. गुरुवारपासून शनिवारचा विचार सुरू होतो आणि मनावरचं मळभ थोडं हटतं. वर्षभर असं चाललं की आठवड्यातला एकमेव उजेड तो शनिवार होतो. एमडीची टर्की ती हीच. अंगात दुखत नाही म्हणून तिला कुणी टर्की म्हणत नाही एवढंच. आणि याच दिवसांत आत्महत्येचा विचार येण्याचा धोका असतो. त्यामुळे भावाला मंगळवारी-बुधवारी फोन करत जा, बोलण्याचा सूर ऐका.

आता शरीराबद्दल. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात. कित्येकांची बोटं, गुडघे गार आणि निळसर पडतात. छातीत दुखणं, ठोके चुकणं ही तक्रार तर नेहमीची. विशीतल्या मुलालाही यातून हृदयाचा गंभीर त्रास होऊ शकतो, आधीपासून दडलेला दोष असेल तर जास्तच. शरीराचं तापमान वाढतं. बंद खोलीत, नाचताना, दारूच्या जोडीने ते धोकादायक पातळीवर जातं आणि मृत्यू होतात ते बरेचदा याच्यामुळे. घाम आला म्हणून काही मुलं बाटल्यांवर बाटल्या पाणी पितात. तेही धोक्याचं, कारण एमडीमुळे शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तातलं सोडियम उतरतं आणि फिट येऊ शकते. नाकातून रक्त येणं, आतली त्वचा झिजणं हे वरवर दिसणारं. नोटेची एकच सुरळी चौघांत फिरते, त्या रक्तातून हेपटायटिस सी पसरू शकतो, हे मुलांच्या गावीही नसतं. तुम्हाला घरी बसून ओळखायचं असेल तर जबडा पाहा. नशेत दातांवर दात घासले जातात. मी टॉर्च घेऊन तोंडात पाहते तेव्हा गालाची आतली बाजू दातांच्या ओळीला समांतर चावून सोललेली दिसते, जिभेच्या कडाही. वजन उतरलेलं असतं, कारण त्या दीड दिवसात अन्न पोटात जात नाही.

तो नैराश्याच्या गोळ्या किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक औषधं घेत असेल तर आणखी जपायला हवं. ही औषधंही सेरोटोनिन वाढवतात, आणि एमडीच्या जोडीने अंग ताठणं, कंप, तीव्र ताप, भ्रम असा जीवघेणा प्रकार होऊ शकतो.

पण खरं सांगायचं तर माझ्या ओपीडीत घरचे लोक मुलाला घेऊन येतात ते छातीच्या दुखण्यासाठी नव्हे. ते येतात संशयामुळे. हे जरा सविस्तर सांगते, कारण घरच्यांना हे ओळखता येत नाही आणि महत्त्वाचे महिने निघून जातात.

एका मुलाची आई मला सांगत होती की तो रात्री खोलीच्या दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबतो. तिला वाटलं एसीची हवा जाऊ नये म्हणून. मग लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी आली. मग लिफ्टचा आवाज आला की तो बोलता बोलता थांबायचा, लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबते ते ऐकायचा आणि मगच पुढचं वाक्य बोलायचा. खाली उभी असलेली पांढरी गाडी आपल्यासाठीच आहे अशी त्याची खात्री होती. शेवटी त्याने वडिलांच्या चहाचा कप हुंगून पाहिला आणि त्यात काहीतरी घातलंय म्हणून फेकून दिला, तेव्हा ते माझ्याकडे आले. तोही "फक्त वीकेंडला" घेणाराच होता. सुरुवातीला संशय नशेपुरता असतो, झोप झाली की जातो. मग उतरल्यावरही दोन दिवस रेंगाळतो. काहींमध्ये तो महिनोन्‌महिने टिकतो आणि औषधं द्यावी लागतात. घराण्यात मनोविकार असेल तर हा धोका वाढतो, पण नसेल तर होत नाही असं मुळीच नाही. जागरण हेही यामागचं एक मोठं कारण आहे. तीस-चाळीस तास न झोपलेला मेंदू एमडीशिवायही भलतंसलतं ऐकू-पाहू लागतो.

आणि मग झोपेच्या गोळ्या. पहाटे उतरवण्यासाठी मुलं मित्राकडून "बटन" घेतात, म्हणजे अल्प्राझोलाम किंवा तत्सम गोळी, वरून दारू किंवा गांजा. एमडी अंगाची टर्की देत नाही, पण या गोळ्यांची सवय लागली तर त्यांची टर्की नक्की होते, आणि त्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते. भाऊ गोळ्या घेतो का हे जरूर विचारा. घेत असेल तर त्या घरच्या घरी बंद करायला लावू नका. कमी कशा करायच्या ते डॉक्टर ठरवतील.

पुडीत नक्की काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला, त्याच्या आदल्या वर्षी नाशिकजवळच्या शिंदे गावात कारखाना सापडला होता. म्हणजे हे कुठून परदेशातून येतं असं नाही, आपल्याच तालुक्यांत, रंग आणि औषधांचा कच्चा माल बनतो तशाच शेडमध्ये बनतं. तिथे कुणी शुद्धता तपासत नाही. एका पुडीतली लाइन आणि पुढच्या पुडीतली तेवढीच लाइन यांत किती फरक असेल याचा अंदाज घेणाऱ्याला नसतो. "मला माझं प्रमाण माहीत आहे" असं भाऊ म्हणाला तर त्याला हे सांगा.

तुमच्या पट्टीचं म्हणाल तर निगेटिव्ह आली यावर अजिबात विसंबू नका. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सर्वसाधारण पट्ट्या गांजा, मॉर्फिन, कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन वगैरे शोधतात. मेफेड्रोन त्यांच्यातून बरेचदा निसटतं. त्यासाठी वेगळी पट्टी किंवा प्रयोगशाळेतली मास स्पेक्ट्रोमेट्रीची तपासणी लागते, आणि तीही शेवटच्या वापरानंतर दोन-तीन दिवसांत केली तरच उपयोगाची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चोरून केलेली तपासणी तुम्हा दोघांमधला विश्वास संपवते. तो तुमच्याशी खरं बोलला आहे. पट्टीपेक्षा ते कितीतरी मोलाचं आहे. उपचार सुरू झाल्यावर त्याच्या संमतीने ठरावीक दिवशी तपासणी करण्याचा मात्र खूप फायदा होतो.

कायद्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण हे ठाऊक असू द्या. एनडीपीएसमध्ये मेफेड्रोनचं अल्प प्रमाण 2 ग्रॅम आहे आणि व्यापारी प्रमाण 50 ग्रॅम. मित्र वर्गणी काढतात आणि एकजण सगळ्यांसाठी आणतो. त्या एकाच्या खिशात 2 ग्रॅमच्या वर माल असला की शिक्षेची पायरी बदलते, दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचं कलम लागू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानुसार भेसळीसकट पूर्ण पुडीचं वजन धरलं जातं, नुसत्या शुद्ध मालाचं नव्हे. तुमचा भाऊ तो आणणारा आहे का, हे विचारा. दुसऱ्या बाजूला, याच कायद्याच्या कलम 64-अ मध्ये तरतूद आहे की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वतःहून उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. "दवाखान्यात गेलो तर डॉक्टर पोलिसांना कळवतील, नोकरी जाईल" ही भीती मुलांना दारातूनच परत फिरवते. व्यसनमुक्तीच्या ओपीडीत केसपेपर काढल्याने ऑफिसला काही कळत नाही.

आता गाडी पाठवून उचलून नेणाऱ्या केंद्राबद्दल. कृपा करून हे करू नका. संमतीशिवाय भरती करण्याची सोय कायद्यात आहे, पण ती नोंदणीकृत संस्थेतच, एका मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासून, आणि रुग्ण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण करतो आहे किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नाही अशा वेळी. पहिल्यांदा 30 दिवसांपर्यंत. साखळीने बांधणं पूर्णपणे निषिद्ध आहे. रात्री चार माणसं येऊन पोराला गाडीत कोंबतात, सहा महिने घरच्यांना भेटू देत नाहीत, हे उपचार नाहीत. अशा ठिकाणांहून परत आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या पाठीवरचे वळ मावळतात, पण बहिणीने आपल्याला पकडून दिलं हे ती विसरत नाहीत. आणि बाहेर पडल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा घेतात, कारण आत त्यांना फक्त कोंडून ठेवलेलं असतं. कुठल्याही केंद्रात पाठवण्याआधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी विचारा, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात ते विचारा, आणि दिवसाउजेडी आत जाऊन पाहू देतात का ते बघा. पाहू देत नसतील तर तिथूनच परत या.

तुमच्या भावाला कदाचित भरतीची गरजही नसेल. नोकरी चालू आहे, तुमच्याशी बोलतो आहे, त्यामुळे ओपीडीतून सुरुवात करता येते. संशय, आत्महत्येचे विचार, रोजच्या झोपेच्या गोळ्या, किंवा पुडी येऊन पडते त्याच फ्लॅटवर राहणं, यांपैकी काही असेल तर मात्र काही आठवड्यांची भरती बरी.

त्याच्याशी बोलायचं कधी? शनिवारी रात्री नाही, रविवारी तो मेल्यासारखा झोपलेला असताना नाही. बुधवारी-गुरुवारी बोला. तेव्हा त्याला स्वतःलाच बरं वाटत नसतं आणि कारण ऐकायची तयारी असते. "तू व्यसनी आहेस" हे वाक्य वापरू नका, तो लगेच गर्दुल्ल्यांची तुलना काढेल आणि तुम्ही वादात हराल. पुडीचा प्रश्न विचारा. मंगळवारचा प्रश्न विचारा. आणि एक प्रयोग सुचवा: सलग चार शनिवार न घेता राहायचं. जमलं तर उत्तमच, आणि त्या चार आठवड्यांत झोप, मूड, पैसा यांत काय फरक पडला ते त्याने स्वतः पाहावं. नाही जमलं, तर "मी कधीही सोडू शकतो" या त्याच्या म्हणण्याचं उत्तर त्याला तुमच्याकडून ऐकावं लागणार नाही.

आईवडिलांना सांगायचं का? माझं मत, हो, पण त्याला कळवून आणि शक्यतो त्याच्याच तोंडून. "महिनाअखेरपर्यंत तू सांग, मी शेजारी बसते, नाही सांगितलंस तर मी सांगेन." एकट्या बहिणीने हे गुपित सांभाळलं की ती हळूहळू पैसे पुरवणारी, ऑफिसला आजारपणाचे निरोप देणारी होऊन बसते. वडील मारझोड करणारे असतील तर मात्र आधी समुपदेशकाला भेटा आणि घरच्यांची बैठक तिथेच घ्या.

उपचारांबद्दल स्पष्ट सांगते, एमडी सोडवणारी गोळी नाही. गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे, तसं इथे काही नाही. नैराश्य, संशय, झोप यांवर औषधं देतो, पण मुख्य काम बोलण्याचं आणि सवयी मोडण्याचं. कुठल्या वेळी, कुणाबरोबर, हातात किती पैसे असताना तलब येते हे बारकाईने शोधायचं आणि तिथे बदल करायचे. पेडलरचे नंबर त्याने स्वतः पुसायचे, शनिवारची संध्याकाळ आधीपासून ठरवून ठेवायची, पगार झाल्या दिवशी यूपीआयची मर्यादा कमी करायची. दारूही बंद, कारण दोन पेगनंतर "आज एकदाच" म्हणायला वेळ लागत नाही. नार्कोटिक्स अनॉनिमस या, व्यसन सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या सभांचा अनेकांना आधार होतो.

आणि वेळापत्रक लक्षात ठेवा, घरचे इथेच फसतात. पहिले दोन-तीन दिवस तो झोपेल आणि भरपूर खाईल. चौथ्या-पाचव्या दिवशी चेहरा टवटवीत दिसेल आणि तुम्हाला वाटेल सुटला. दुसऱ्या आठवड्यापासून खरा कठीण काळ सुरू होतो. काहीच गोड लागत नाही, क्रिकेट नको, सिनेमा नको, माणसं नको, आणि मध्येच जोरदार तलब. हे काही आठवडे चालतं, काहींचं दोन-तीन महिने. याच टप्प्यात घरचे म्हणतात, "आता तर घेत नाहीस ना, मग तोंड पाडून का बसलायस?" तसं म्हणू नका. मेंदू दुरुस्त होतो आहे, साध्या गोष्टींतला आनंद परत यायला वेळ लागतो, हे त्याला आणि स्वतःला सांगत राहा. रोज घाम येईल इतका व्यायाम आणि ठरलेल्या वेळी झोप यांचा इथे खरोखर उपयोग होतो. मध्ये एकदा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा घेतलं गेलं, तरी उपचार वाया गेले असं समजू नका. त्याच आठवड्यात पुन्हा ओपीडीत आणा.

एखाद्या रात्री त्याच्या मित्राचा फोन आला की तो तापलाय, बडबडतोय, छातीत दुखतंय, फिट आली, तर सकाळची वाट पाहायची नाही. 108 ला फोन. तोपर्यंत कपडे सैल, पंखा, अंगावर ओलं फडकं. पॅरासिटामॉलचा या तापावर उपयोग नाही. चौघांनी मिळून दाबून धरायचं नाही, त्याने अंगातली उष्णता आणखी वाढते. घरातली झोपेची गोळी द्यायची नाही. कॅज्युअल्टीत डॉक्टरला "एमडी घेतलंय, सोबत अमुक घेतलंय" हे स्पष्ट सांगायचं. तिथे एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद होऊ शकते, तरीही सांगायचं, कारण त्यावर उपचार बदलतात. त्याच्या फ्लॅटवरच्या एका तरी भरवशाच्या मित्राला हे आजच सांगून ठेवा.

कुठे जायचं याबद्दल: पुण्यात ससून रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, मुक्तांगण आहे. नाशिकला आणायचा असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416, दोन्ही मोफत. भाऊ तयार नसला तरी तुम्ही एकट्या जाऊन भेटू शकता, आम्ही घरच्यांशीही बोलतो. पहिल्या भेटीला येताना तो घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, गेल्या तीन महिन्यांत किती शनिवार घेतलं याचा त्याने केलेला अंदाज, आणि घरात कुणाला मनोविकार किंवा हृदयविकार होता का याची माहिती आणा. ईसीजी, सोडियम आणि बाकी तपासण्या आम्ही तिथेच सांगतो, आधी करून आणायची गरज नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्या रोज चालू असतील तर तेवढं इथे लिहा, मग आधी काय करायचं ते वेगळं सांगते.